टायरची आतली कड

आबा,

पत्रात वडिलांना 'तुम्ही' लिहायचं असतं, हे मला पुस्तकं वाचून कळलं. पण आपल्या घरात तू 'तू'च होतास. आता इतक्या वर्षांनी मान द्यायला गेले तर ही कोणाशी बोलते म्हणून तू मागे वळून बघशील. तू गेलास त्याला इतका काळ झाला की तुझा आवाज आठवायचा तर आधी मला तुझं एखादं वाक्य आठवावं लागतं, मग त्याच्या मागून आवाज येतो. आज सकाळपासून एकच वाक्य येतंय. 'तुझो हात बारीक आसा, माझो थंय मावणा नाय.' त्याच्याबद्दलच तुला विचारायचं आहे. गाडीचे पुढचे टायर बघायला तुला माझा हात खरंच लागत होता का? तू लागतो म्हणालास आणि मी ते धरून चालले. लग्न झालं, पोर झालं, केस पांढरे झाले, तरी धरूनच होते. आज सकाळी ते माझ्या हातातून सुटलं.

आई गेली तेव्हा मी तिसरीत होते. बाराव्यानंतर घरातली माणसं पांगली आणि मी चुलीपुढच्या तिच्या पाटावर जाऊन बसले. तिथून उठलेच नाही म्हण. स्वयंपाक आत्याच करायची. आपल्यासाठी ती सासरचं घर सोडून राहायला आली होती. मी नुसती बसायचे, राखेत काडीने रेघा ओढत. शाळेत जा म्हटलं की जायचे नाही, पेज वाढली की थंड होईपर्यंत बघत राहायचे. बोलणं बंद झालं होतं. आत्या शेजारणीला सांगायची, 'ह्या चेडू आवशीच्या वांगडाच गेलाला.' ही पोर आईबरोबरच गेली, हे मला ऐकू यायचं आणि खोटंही वाटायचं नाही. तू पहाटे चहा आणि उंडो पाव खाऊन टॅक्सी घेऊन पेडण्याच्या स्टँडवर जायचास, अंधार पडताना परत यायचास, आणि दारातून एकदा माझ्याकडे बघून हातपाय धुवायला जायचास. जवळ घेऊन समजावणं तुला जमत नव्हतं. तसं आपल्याकडे कुठल्याच बापाला जमत नव्हतं.

आणि मग ती सकाळ. तू अंगणातून हाक मारतोस. मी हलत नाही. तू दारात येतोस, चपला न काढता, म्हणजे घाईत आहेस. 'हयसर ये गो. हात दाखय तुझो.' मी हात पुढे करते. तू आपला पंजा माझ्या पंजाला लावतोस. तुझी बोटं माझ्या बोटांच्या वर पेरभर उरतात, त्यांना पेट्रोलचा आणि विडीचा वास आहे. 'बरो आसा,' तू म्हणतोस, जणू बाजारात काही निवडून घेतलंस. 'चल. माझा काम अडलाहा.'

ती गाडी मला अजून जशीच्या तशी दिसते. पोर्तुगीज असताना कोणा मोठ्या माणसाच्या घरी आलेली, मग फिरत फिरत तुझ्याकडे आलेली काळी मोटार. टपावर तू टॅक्सीचा पिवळा रंग लावून घेतला होतास. तिच्या स्प्रिंगा बसल्या होत्या, त्यामुळे चाकावरचा पत्रा टायरला जवळजवळ टेकायचा. तू मला पुढच्या चाकापाशी उकिडवं बसवलंस आणि सांगितलंस, टायर बाहेरून कोणालाही दिसतो, तो झिजतो आतल्या कडेने, जिथे नजर जात नाही. वरून हात घालायचा, पत्रा आणि टायर यांच्यामधून, आणि पलीकडची कड चाचपायची. खाचेत नख बुडतं का बघायचं. तळवा एकदा आत न्यायचा आणि एकदा बाहेर ओढायचा. एका बाजूने मऊ आणि उलट्या बाजूने टोचरं लागलं तर चाक वाकडं चालतंय. नुसतं गुळगुळीत लागलं तर टायर गेला. आणि तार लागली तर, तू म्हणालास, हात काढून लगेच मला सांग, मी तो टायर रस्त्यावर नेत नाही.

मी हात घातला. आत थंड होतं, चिखलाचं थंड, आणि अंधार. नख बुडालं. 'बुडता,' मी म्हटलं. बाराव्यानंतर मी उच्चारलेला तो पहिला शब्द असावा. तू काही दाखवलं नाहीस. 'आता त्या वाटेन ये,' म्हणालास, आणि दुसऱ्या चाकाकडे निघालास.

पुढे ते रोजचंच झालं. मागचे टायर तू स्वतः पाठीवर झोपून बघायचास. पुढचे माझे. पुढचे का महत्त्वाचे ते तू एकदा मला चोपड्याच्या फेरीबोटीवर नेऊन दाखवलंस. ओहोटीला धक्क्याच्या उतारावर शेवाळ उघडं पडायचं. बोटीतून चढणाऱ्या गाडीचं पुढचं चाक तिथे घसरलं की गाडी मागे सरायची, आणि मागे नदी. आपल्या पुढची एक गाडी तशीच हातभर मागे आली, आतल्या बायका ओरडल्या, मग चाकाने पकड घेतली आणि ती वर गेली. तू स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणालास, 'बघलंस? हयसर तुझा काम.' मी त्या वेळी नऊ-दहा वर्षांची, पण उतारावरच्या सगळ्या बायकांची जबाबदारी माझ्यावर आहे अशी ताठ बसले होते.

उजव्या हातात मात्र कांकणं घालायची नाहीत, असं तू सांगितलंस. काच पत्र्याला लागून फुटेल, हातात शिरेल. म्हणून माझ्या डाव्या हातात हिरवी कांकणं आणि उजवा मोकळा. आत्याला ते अजिबात खपलं नाही. 'अरे, चेडवाच्या जातीक गाडयेखाली घालतस? एक हात बोडको घेवन फिरता ता! उद्या तिका कोण करतलो?' तू चहा फुंकत म्हणालास, 'गाडयेखाली खंय? भायर बसान हात घालता. आणि कोण नाय मिळालो तर टायरवाल्याक देवया.' आत्या तव्यावरची भाकरी तशीच टाकून आत गेली. मी हसले. तू माझ्याकडे बघितलंस आणि पटकन दुसरीकडे बघायला लागलास. स्टँडवरचे ड्रायव्हरही चिडवायचे. मी बरोबर नसले की तुला विचारायचे, 'आज मेकॅनिकाक सुट्टी काय रे?' ते तू घरी येऊन मला सांगायचास. एरवी दिवसभरातलं काही सांगायचा नाहीस, तेवढं सांगायचास.

गिऱ्हाइकं मागच्या सीटवर वर्तमानपत्रं विसरून जायची. तीही तू आणायला लागलास. शाळा काही परत सुरू झाली नाही, पण टायर बघून झाले की पायरीवर बसून मी ते कागद मोठ्याने वाचायचे आणि तू उंडो चहात बुडवत ऐकायचास. अडले की तू सांगू शकायचा नाहीस, तुला वाचता येत नव्हतं. मग मी पुढचं वाचून मागचं ओळखायचे. माझं सगळं वाचन असंच झालं, अजूनही तसंच होतं.

एकदा तू मला रागावलास, तेवढं एकदाच. पाऊस होता, मला अंगणात यायचा कंटाळा आला होता. मी पत्र्याखाली हात घातल्यासारखं केलं आणि 'बरो आसा' म्हणून उठले. तू गाडीच्या दाराशी उभा होतास. 'हात घातलंस काय नुसती जीभ हलयलंस?' मी फ्रॉकला हात पुसायला लागले. 'परत घाल. आत खडो आसा.' तुझा आवाज चढलेला नव्हता. मी पावसात बसून हात घातला, आणि खरंच, खाचेत एक काळा खडा घट्ट रुतला होता. केसातला आकडा काढून तो मी उचकटला. तू तो तळहातावर घेऊन बघितलास आणि खिशात टाकलास. मी कितीतरी दिवस विचार करत राहिले, आबाला न बघता कसं कळलं? मग ठरवलं की बापाला सगळंच कळतं. मुलं असंच ठरवतात आणि पुढच्या कामाला लागतात.

मी तेरा-चौदाची असेन तेव्हा एका सकाळी हात आत गेला आणि बाहेर येईना. तू खोबरेल आणलंस, माझ्या मनगटावरून ओतलंस आणि हळूहळू फिरवत हात बाहेर काढलास. कातडी सोलली होती. तू तुझा पंजा परत माझ्या पंजाला लावून बघितलास. 'पुरो,' म्हणालास. 'आता तुझो हात मोठो झालो.' त्याच आठवड्यात तू मला बाजारात नेलंस आणि उजव्या हातात कांकणं भरायला बसवलंस. भरणाऱ्याला म्हणालास, चांगली भर, हाताएवढी. मी रडायला लागले. तुला वाटलं कांकणं घट्ट झाली. तू त्याला दटावलंस, 'सावकाश रे, सावकाश!' मी घट्ट नाहीत म्हणून सांगितलं नाही. माझं काम गेलं म्हणून रडते हे तुला कसं सांगणार?

घरी आल्यावर मी विचारलं, आता आतली कड कोण बघणार? 'बघतंय मी कायतरी,' तू म्हणालास. त्यानंतर कितीतरी सकाळी मी खिडकीत उभी राहून बघायचे, शेजारचं कोणतं पोर येतं का, कोणाचा हात तू आता मोजतोस. कोणी आलं नाही. तू गाडी पुसायचास, आत बसायचास, निघून जायचास. मला वाईट वाटायचं आणि थोडं बरंही वाटायचं. पण कोणीच हात घालत नाही तर टायर बघतो कोण, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आज पडला.

लग्न होऊन मी डिचोलीकडे आले. जावई तुला आवडला होता, खाणीवर हजेरी मांडायचं त्याचं काम, हळू बोलणारा माणूस. त्याच्याकडे आधी सायकल आणि नंतर स्कूटर. त्यामुळे गाडीच्या चाकाशी माझा संबंध संपला. तुझ्या नातवाला तू बघितलं नाहीस. त्याच्या आधीच तू गेलास, स्टँडवर, गाडीत बसल्या बसल्या, पुढची चाकं सरळ आणि हँडब्रेक ओढलेला. ते मला त्या चिडवणाऱ्या ड्रायव्हरांनी सांगितलं. नातू लहानपणी जेवायला त्रास द्यायचा तेव्हा मी त्याला तुझीच गोष्ट सांगायचे. एक आजोबा होते, त्यांचा हात एवढा मोठा होता की टायरच्या आत मावायचा नाही, म्हणून ते रोज सकाळी एका मुलीला हाक मारायचे. तो घास गिळायचा आणि विचारायचा, मगे? मगे ती मुलगी आत हात घालायची आणि फेरीवरच्या सगळ्या माणसांना वाचवायची.

तुझा जावई गेला तो दोन पावसाळ्यांमागे. बायका आल्या, माझी कांकणं उतरवली. मी नको म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. दोन्ही हात मोकळे घेऊन मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि पुन्हा तेच झालं, आबा. चुलीच्या जागी गॅस, राखेत रेघा ओढायची सोय नाही, एवढाच फरक. ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं न वाचता परत गेली. ओळ डोळ्यांसमोर असायची आणि मी तिच्या अलीकडेच थांबलेली. मुलगा कामावरून यायचा, दारातून माझ्याकडे बघायचा आणि हातपाय धुवायला जायचा. मी तेव्हा ओळखायला हवं होतं की हे बघणं मी आधी कुठे पाहिलंय.

मग एका रविवारी त्याने अंगणातून हाक मारली. 'आई, जरा भायर ये गो! टायर बघूक व्हयो, माझो हात आत मावणा नाय.' त्याच्याकडे छोटी पांढरी गाडी आहे, तिच्यातून तो कारखान्यात जातो. रस्त्याला खाणीचे ट्रक, खडी, लाल धूळ. मी आधी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याने परत हाक मारली, 'आजोबांचा काम तुका येता ना? मगे?' मी गेले. चाकापाशी बसायला गुडघे कुरकुरले. हात घातला. आता तो वाळलाय, मनगटात काही नाही, सरळ आत गेला. इतक्या वर्षांनी तीच थंडी आणि तोच अंधार. बोटं काही विसरली नव्हती. 'नख बुडता,' मी म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी तो हाक मारतो. मी खडे काढते, कुठली कड जास्त गेली ते सांगते, तो 'होय काय?' म्हणून ऐकून घेतो. मधल्या एका रविवारी मी त्याला म्हटलं, ग्रंथालयात जातोस तर एखादं पुस्तक घेऊन ये. तो दोन घेऊन आला.

आज सकाळी मी मागे फुलं काढायला गेले होते. नेहमी वेळ लागतो, आज जास्वंदी कमी होत्या म्हणून लवकर आत आले. पुढच्या खोलीच्या खिडकीतून तो गाडीत बसलेला दिसला, एक पाय बाहेर. त्याने गाडी चालू केली आणि स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवलं. पुढची दोन्ही चाकं वळली, आणि उजवं चाक पत्र्याखालून बाहेर आलं, आतली बाजू पुढे दाखवत. सगळी कड उघडी. कोणीही उभ्या उभ्या बघावी अशी. तो उतरला, बसला, मोबाइलचा उजेड लावला, पूर्ण पंजा आरामात फिरवला, खाचा बघितल्या. परत आत बसून स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला फिरवलं आणि दुसरं चाक बघितलं. मग दोन्ही चाकं सरळ केली, गाडी बंद केली, हात पँटला पुसले. घराकडे तोंड केलं आणि ओरडला, 'आई! टायर बघूक ये गो! माझो हात मावणा नाय!'

मी फुलांचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. आधी मुलाकडे बघत होते, मग तो दिसेनासा झाला आणि तू दिसायला लागलास. तूही ड्रायव्हरच होतास. सगळं आयुष्य तू ते स्टिअरिंग फिरवलंस. फिरवल्यावर चाक वळतं आणि आतली कड बाहेर येते, हे तुला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? मागच्या टायरांसाठी तू पाठीवर झोपायचास, पुढच्यांसाठी गाडीत बसून हात हलवायचा होता, इतकंच. मग अंगणात गाडी रोज चाकं सरळ करूनच का लावलेली असायची? पावसात न बघता तुला खडा कसा दिसला? माझ्या आधी उठून तू सगळं बघून ठेवलं होतंस, की तो काळा खडा तूच तिथे दाबून बसवला होतास? तसले खाणीचे खडे आपल्या बाजूला नसतात, ते इथे डिचोलीत मिळतात, इकडच्या एखाद्या भाड्यावरून तूच तो आणला असशील, हे मला इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी कसं सुचलं नाही?

मला राग आला, खरं सांगते. जन्मात एकदा मी कोणाच्या तरी खऱ्या उपयोगाची होते असं मला वाटायचं, आणि तेही तू मला खेळणं दिल्यासारखं दिलेलं निघालं. चोपड्याच्या उतारावर ती ताठ बसलेली पोर मला हास्यास्पद वाटली. मग आठवलं, आत्या भाकरी टाकून आत गेली त्या सकाळी मी हसले आणि तू तोंड फिरवलंस. तुझीही बायको गेली होती, आबा. ते माझ्या लक्षातच नव्हतं. घरात एक पोर गप्प बसलेली आणि तुला बोलता येत नाही. तेव्हा तुझ्याकडे जे होतं, एक गाडी आणि चार टायर, त्यातलं अर्धं तू मला दिलंस. आणि कांकणं भरताना मी रडले तेव्हा तू सावकाश, सावकाश म्हणत होतास. ते त्या माणसाला म्हणत होतास असं मला आजपर्यंत वाटत होतं.

हे तुला आता विचारता येणार नाही, आणि विचारलं असतं तरी तू चहा फुंकत राहिला असतास. पत्र कुठे टाकणार? वाचायला घेतलेल्या पुस्तकात ठेवते. पुस्तक परत करायच्या आधी काढून घेईन, नाहीतर ग्रंथालयातला माणूस वाचत बसायचा.

मी अंगणात गेले. खिडकीतून बघितलं असं मुलाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. बसले, हात आत घातला. बाकी टायरवर लाल धूळ होती, पण आतल्या कडेला त्याचा पंजा आधीच फिरून गेला होता, तिथलं रबर पुसलेलं लागलं. त्याच्या हाताच्या वाटेवरून माझा हात फिरत होता. खाचेत नख बुडत होतं, कड जागच्या जागी होती, खडा नव्हता. टायर चांगला होता, आबा. मी हात आतच ठेवला.

'काय गो?' त्याने वरून विचारलं. 'बरो आसा मगे?'

'उजवो माका जरा संशयाचो वाटता,' मी म्हटलं. 'फुडल्या रविवारी परत बघूया.'